शेहेचाळीस वाड्या, एक केळ

आधी माझ्या लक्षात आली ती निळी बादली.

गणपती होऊन आठवडा झाला होता. शुक्रवारी दुपारी मी वसई तालुक्याच्या कार्यालयात बसून निर्मळ गावच्या पीक पाहणीचे फोटो तपासत होते. काम तसं सोपं आहे. शेतकऱ्यानं आपल्या वाडीत उभं राहून मोबाइलच्या ॲपवर पीक निवडायचं आणि त्याचा फोटो काढून पाठवायचा. तपासून आम्ही सही केली की ते पीक सातबाऱ्यावर चढतं. कृषी अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी गेल्या वर्षी इथे सहाय्यक म्हणून लागले. रोज दोनेकशे फोटो बघते, त्यामुळे एव्हाना डोळे आपोआप पुढे सरकतात. त्या दिवशी ते अडकले. केळीचं झाड, उजवीकडचं पान मधोमध फाटलेलं, बुंध्याशी कडी नसलेली निळी बादली. पुढचा फोटो उघडला. शेतकरी वेगळा, गट नंबर वेगळा. केळ तीच, पान तेच, बादलीही तीच.

मी मोजले. शेहेचाळीस.

सगळे एकाच मोबाइलवरून आले होते. एका मोबाइलवरून पन्नास खातेदारांची नोंद करता येते. म्हाताऱ्या माणसांना शेजाऱ्यांची मदत व्हावी म्हणून ही सोय आहे. प्रत्येक नोंदीच्या वेळी ॲपनं विचारलं होतं, तुम्ही गटापासून दूर आहात, पुढे जायचं का? शेहेचाळीस वेळा कुणीतरी ‘होय’ दाबलं होतं. मोबाइल कुणाच्या नावावर होता तेही दिसत होतं. जिजा शत्रुघ्न राऊत.

समोरच्या टेबलावर आमचे पर्यवेक्षक प्रल्हाद सर तालुक्याची यादी करत होते. सोमवारी सकाळी अकराला ती वर जाणार होती. पुढच्या पाच वर्षांत कुठल्या गावात सरकार काय उभारणार, ते या यादीवरून ठरणार होतं. ज्या गावात फुलं दहा हेक्टरच्या वर, तिथे फुलं टिकवायला शीतखोली. ज्या गावात केळी जास्त, तिथे केळी पिकवायची खोली. निर्मळपुढे सरांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘केळी’.

मी लहानपणापासून शहरात, आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये वाढले असले तरी वर्षभराच्या फेऱ्यांमुळे निर्मळला केळी किती उरलीय हे मला ठाऊक होतं. कुंपणाला चार, विहिरीपाशी दोन. बाकी सगळ्या वाड्यांत सोनचाफा. सरांना सांगण्याआधी जिजाकाकूंना विचारायचं ठरवलं. स्कूटर काढली.

जिजाकाकू ओटीवर बसून दुसऱ्या दिवशीच्या फुलांसाठी प्लास्टिकच्या पिशव्या मोजून ठेवत होत्या. मी फोटो पुढे केला.

“काकू, ही केळ कुठली?”

“ही होय? आपल्या बावखलाच्या काठावरची,” त्या कौतुकानं म्हणाल्या. बावखल म्हणजे वाड्यांच्या मधलं गोड्या पाण्याचं तळं. “तिथेच तर रेंज येते. वाडीत झाडी एवढी दाट, फोन नुसता गोल गोल फिरवत बसतो. मग म्हटलं, सगळ्यांचं तिथेच उरकून टाकू. चांगला आलाय ना फोटो?”

“पण सगळ्यांच्या नावावर केळी लागली.”

“मग? आहेच की केळ सगळ्यांच्या वाडीत. जुन्या सातबाऱ्यावरसुद्धा केळीच होती. खोटं काय लिहिलं?”

“चाफ्याचा फोटो का नाही काढला?”

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चपला घालून देवघरात आले होते.

“कळीवर बोट दाखवतात का गं? भोपळ्याची असो, काकडीची असो, चाफ्याची असो. सरळ बोट दाखवलं की कळी गळते. दाखवायचंच झालं तर असं, मुडपून.” त्यांनी तर्जनी वाकवून पेरानं हवेत खूण केली. “आणि हा फोन तर बोटाच्या वरताण. बोट नुसतं दाखवतं, हा कळी उचलून मुंबईला नेऊन ठेवतो. सगळे म्हणाले, जिजा, ऐन भरात कळ्यांचा फोटो नको, तू आपली केळ काढ. मी काढली.”

मी ओटीच्या कडेवर बसले आणि यादीचं सांगितलं. दहा हेक्टर, शीतखोली, सोमवार. काकूंचे पिशव्यांवरचे हात थांबले.

हे सगळं कुणाच्या हातून झालं, ते सांगायला हवं. जिजाकाकू लग्न होऊन या गावात आल्या तेव्हा सगळीकडे केळीच होती. मग मोठ्या जिल्ह्यांतून ऊतिसंवर्धित रोपांची लांबलचक, एकसारखी केळी ट्रक भरभरून मुंबईत यायला लागली आणि वसईच्या केळीला कुणी विचारीना. गावात चाफ्याची पहिली कलमं लावली ती काकूंनी. सासरे चार दिवस बोलले नव्हते. कलम दुसऱ्या वर्षी फुललं आणि दादरच्या बाजारात त्या फुलांना गिऱ्हाईक मिळालं, तेव्हा बाकीच्यांनी खड्डे घेतले. आज काकूंचे यजमान शत्रुघ्नकाका गावाची फुलं टेम्पोतून दादरला नेतात. घराघरांतून पिशव्या गोळा करण्याचं काम काकूंचं. तीस वर्षांत एका घरची पिशवी दुसऱ्या घरच्या नावावर गेलेली नाही. म्हणून तर मुलानं, कल्पेशनं, चंदनसारहून नवा फोन आणून दिला तेव्हा निम्म्या गावानं आपले ओटीपी डोळे मिटून त्यांना सांगितले.

आणि शीतखोली कशासाठी हवी, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. गणपतीत व्यापारी फोन करकरून फुलं मागतात. पितृपक्ष लागला की तीच फुलं टेम्पोतून तशीच परत येतात आणि संध्याकाळपर्यंत काळी पडतात. ती बावखलाच्या कडेला ओतायचं कामही काकूंचंच.

“तू सांगणार साहेबांना?” त्यांनी विचारलं.

“सांगावंच लागेल, काकू. त्या फोटोंवर माझी सही लागते.”

त्या उठल्या, पदर खोचला. “तू कशाला सांगतेस? घोळ माझा. चल, गाडी काढ.”

प्रल्हाद सरांनी फोटो बघितले आणि खुर्ची मागे सरकवली. “बाई, तुम्हाला कल्पना आहे का? या नोंदींवर तालुक्याचा पाच वर्षांचा आराखडा उभा राहणार आहे!”

“साहेब, आराखड्याचं माहीत असतं तर नीट नसते काढले? आम्हाला कुणी सांगितलं की सरकार फोटो बघून ठरवतं म्हणून? आम्हाला वाटलं, नोंद म्हणजे नोंद. झाली, सुटलो.”

सरांनी खुर्ची पुन्हा पुढे ओढली. मग नियम सांगितला. सगळ्या नोंदी रद्द. प्रत्येक खातेदारानं स्वतः आपल्या वाडीत उभं राहायचं, मी माझ्या फोनवर नव्यानं नोंद करायची. ॲप रविवारी संध्याकाळी सहाला बंद. जो गट कोरा राहील त्याच्या सातबाऱ्यावर ‘पड’, म्हणजे पडीक, लागेल.

पड. त्याचा अर्थ काकूंना समजावून सांगावा लागला नाही. निर्मळच्या रस्त्यापर्यंत इमारती आल्या आहेत. जिथे पड लागते तिथे महिन्याभरात गॉगलवाले लोक गाडी लावून कुंपणापलीकडे बघायला लागतात.

“करा रद्द,” त्या म्हणाल्या आणि कागदावर सही केली. सरांनी माझ्यासमोर बटण दाबलं. शेहेचाळीस वाड्या एका क्षणात कोऱ्या झाल्या.

शनिवारी सकाळी सात वाजता काकूंच्या वाडीत वीस-पंचवीस माणसं जमली. काकूंनी काही लपवलं नाही. मी केळ लावली, मी रद्द केली, आता प्रत्येकानं उभं राहायचं आहे, असं सरळ सांगितलं. कुजबुज सुरू झाली. पड लागली तर कोण निस्तरणार? आणि कळ्यांचा फोटो? आत्ता, भरात?

काकू आपल्या सगळ्यात जुन्या झाडापाशी गेल्या. गावातलं पहिलं कलम ते. फांदी कळ्यांनी वाकली होती. त्यांनी हात उचलला आणि तर्जनी सरळ, ताठ, कळ्यांच्या घोसावर रोखली.

“क्षितिजा, इथला काढ. गळल्या तर माझ्या गळू देत.”

मी फोटो काढला.

गर्दीतून व्हेरोनिकाबाय पुढे आली. तिची वाडी काकूंच्या वाडीला लागून आहे. “आता माझी काढ. आमच्या कळ्यांचा बाप्तिस्मा झालेला आहे, त्यांना काही होत नाही.” सगळे हसले. पण झाड दाखवताना बायनंही बोट मुडपलंच, मी बघितलं.

संध्याकाळपर्यंत अठ्ठावीस झाल्या. ॲप रेंजशिवायही फोटो साठवतं, पण ते पोहोचवायला रेंज लागते, म्हणून दर चार-पाच वाड्यांनी आम्ही बावखलाच्या काठावर जाऊन उभ्या राहत होतो. त्याच केळीखाली. निळी बादली अजून तिथेच होती. काकू तिच्याकडे बघायचं टाळत होत्या.

त्या रात्री वारा सुटला आणि जोराची सर येऊन गेली.

रविवारी मी पोहोचले तेव्हा काकूंच्या फाटकापाशी माणसं उभी होती. जुन्या झाडाखाली हिरव्या-पिवळ्या कळ्यांचा सडा पडला होता. काकू मधोमध उभ्या होत्या, खाली न बघता.

“वाऱ्यानं पडल्यात,” मी म्हटलं. “रात्री वाऱ्याचा वेग बघा, माझ्याकडे आकडे आहेत. आधीच्या उकाड्यानं देठ कमजोर झाले होते, त्यात—”

“तुझे आकडे तुझ्यापाशी ठेव,” मागून कुणीतरी म्हणालं. “बोट दाखवलं, गळल्या. झालं.”

उरलेल्या अठरा घरांतल्या सहा जणांनी तिथल्या तिथे नाही म्हटलं. सगळ्यात मोठ्यानं नाही म्हणाले ते श्रीपतदादा, काकूंचे थोरले चुलतदीर. त्यांची वाडी तीस गुंठ्यांची. “तीन पिढ्यांची वाडी आहे. कागदावर पड लिहिलं म्हणून झाडं झोपत नाहीत,” असं म्हणून ते निघून गेले.

नाही म्हणणाऱ्या बाकीच्या पाचांना व्हेरोनिकाबायनं धरलं. ती एकेकाच्या दारात जाऊन उभी राहायची. “माझ्याही गळल्यात चार. मग काय मातम करू? कळी गळली तर उद्या दुसरी येते. पड लागली तर कळी काय बिल्डरच्या गच्चीवर लावशील?” दुपारी तीनपर्यंत ते पाचही जण तयार झाले, तोवर इतर बारा वाड्याही उरकल्या. साडेचारला माझ्या फोनवर पंचेचाळीस नोंदी पूर्ण होत्या. बेरीज केली. नऊ पूर्णांक आठ हेक्टर.

मी ती पुन्हा केली. तेवढीच आली. दहाच्या पलीकडे जायला श्रीपतदादांचे तीस गुंठे हवे होते.

दादा वाडीच्या वाटेवर फुलांचा रिकामा क्रेट उलटा घालून त्यावर बसले होते. आम्ही येणार हे त्यांना माहीत होतं.

“भावोजी, पाच वाजायला आलेत,” काकू म्हणाल्या.

“माझ्याकडे घड्याळ आहे.”

“तुमची एकच राहिलीय. तुमच्यावाचून गावाची शीतखोली जाते.”

“तीस वर्षं माझी फुलं नेलीस, जिजा, एक पिशवी इकडची तिकडे झाली नाही. आणि कागदावर सगळ्या गावाची मिळून एक केळ केलीस!”

“केली, भावोजी.”

“आणि आता माझ्या कळ्यांवर बोट रोखायला आलीस. तुझ्या झाडाखाली बघितलंस ना सकाळी?”

काकू पंपाच्या खोलीकडे बघत होत्या. खोलीच्या आडोशाला केळीच्या पानांखाली एक गोणी होती. पानं वाऱ्यानं सरकली होती. काकू सरळ चालत गेल्या आणि पान बाजूला केलं. गोणी तोंडापर्यंत कळ्यांनी भरली होती. हिरव्या-पिवळ्या, रात्रीच्या ओल्या मातीसकट.

“भावोजी, या कधीच्या?”

“कचरा आहे.”

“तुमच्या कळ्यांचा तर कुणी फोटो नव्हता काढला.”

दादा खाली बघायला लागले.

“पहाटे उठून एकट्यानं झाडल्यात सगळ्या? या वयात?” काकूंच्या आवाजात टोमणा नव्हता. “का?”

“बोट न दाखवताही गळल्या हे दिसलं असतं तर तुझं खरं झालं असतं,” दादा म्हणाले. मग बराच वेळ ते पायानं माती उकरत राहिले. मी घड्याळ बघितलं. पाच पस्तीस. मला ओरडावंसं वाटत होतं. काकूंनी मला नुसत्या हातानं गप्प राहायला सांगितलं.

शेवटी दादा उठले आणि त्यांनी क्रेट पायानं बाजूला सारला. “ये. पण सरळ बोट नाही. तुझं तुला, माझं मला.”

आम्ही झाडांच्या ओळीत शिरलो. मी ॲप उघडलं, गट नंबर घातला, पीक निवडलं. पडद्यावर वर्तुळ फिरायला लागलं. स्थान शोधत आहे. दाट फांद्यांखाली उपग्रह सापडेना. चाळीस मीटर. पस्तीस. पुन्हा चाळीस. आम्हा सहाय्यकांच्या ॲपमध्ये हा आकडा दहाच्या आत आल्याशिवाय कॅमेरा उघडत नाही.

“काय म्हणतोय?” दादांनी विचारलं.

“आपण कुठे आहोत ते शोधतोय.”

“साठ वर्षं इथेच आहे म्हणावं.”

दोन ओळींच्या मध्ये आभाळाचा एक तुकडा दिसत होता. मी त्याच्याखाली जाऊन फोन डोक्यावर धरला. बावीस. सोळा. नऊ. कॅमेरा उघडला. दादा फांदीपाशी उभे राहिले आणि त्यांनी तर्जनी मुडपून पेर कळीजवळ नेलं. मी फोटो काढला. पाच वाजून एकोणपन्नास मिनिटं. नोंद साठवली गेली.

“झालं?” काकूंनी विचारलं.

“नाही. रेंज.”

काकू माझ्या मागे स्कूटरवर कधी बसल्या ते मला कळलंही नाही. वाट चिखलाची होती. एका वळणावर चाक घसरलं, काकूंनी पाय टेकवून गाडी सावरली आणि पाठीवर थाप मारून त्या म्हणाल्या, “थांबू नकोस!” बावखलाच्या काठावर मी गाडी तशीच आडवी टाकली. केळीखाली उभी राहिले. एक दांडी आली. गेली. पाच पंचावन्न. काकू माझ्या शेजारी, फाटक्या पानाखाली उभ्या होत्या. दोन दांड्या आल्या. पडद्यावरची रेघ सरकायला लागली, अर्ध्यावर थांबली, मग एकदम पुढे गेली. नोंद स्वीकारली आहे.

पाच अठ्ठावन्न.

काकू तिथेच ओल्या गवतात बसल्या. पायांकडे बघून म्हणाल्या, “माझ्या पायातली एक चप्पल कुठे पडली गं?”

सोमवारी प्रल्हाद सरांनी शेवटचा फोटो मोठा करून बघितला. “हे मध्ये काय आलंय?”

“बोट आहे, सर.”

“वाकडं का?”

मी कारण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग खोडरबर घेऊन ‘केळी’ पुसलं आणि तिथे पेनानं लिहिलं, ‘फुले, १०.१ हेक्टर’. दुसरा एक कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवला. चुकीच्या नोंदी केल्याबद्दल जिजा शत्रुघ्न राऊत यांचा नंबर ॲपमधून बंद. यापुढे त्यांना कुणाचीच नोंद करता येणार नाही, स्वतःचीसुद्धा नाही. त्यांची सहाय्यकानं करायची. नियम तसा होता. त्यावरही माझीच सही लागणार होती. मी केली.

शीतखोली अजून आलेली नाही. यादीत गाव आहे, जागा बघून गेलेत, पुढचं कुणी नक्की सांगत नाही. या पितृपक्षातही फुलं परत आली, काळी पडली आणि ओतली गेली.

पुढच्या हंगामाच्या पाहणीला मी निर्मळला गेले तेव्हा बावखलाच्या काठावर आठ-दहा माणसं आपापले फोन घेऊन उभी होती. वाडीत जाऊन फोटो काढून आलेली, आता पाठवायला रेंज शोधणारी. श्रीपतदादाही होते, नातवाचा फोन हातात धरून. जिजाकाकू त्यांच्या बाजूला उभ्या होत्या. फोनला त्या हात लावत नव्हत्या. पडद्यापासून वीतभर अंतर ठेवून, बोट मुडपून, सांगत होत्या, “हे नाही भावोजी, त्याच्या खालचं. अंतर काय म्हणतोय ते आधी वाचा. वाचल्याशिवाय ‘होय’ दाबायचं नाही.”

केळीच्या बुंध्याशी बादली नव्हती. ती जिजाकाकूंनी उचलून घरी नेली होती.